शेऱ्याचा रकाना

एकोणतीस वर्षं बंदरखात्याच्या नोकरीत
मी एक काठी वाचली.
वाघोटनच्या खाडीत, धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला
ठोकलेली, पांढरी, काळ्या आकड्यांची.
खालचे आकडे कालवांनी खाल्लेले.
दर तासाला पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं. बस्स.
वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता.
तो मी कोराच ठेवला.

एकदा साहेब आले नकाशे घेऊन.
म्हणाले, देशावरच्या डोंगरांचीसुद्धा उंची
समुद्राच्या शून्यापासून मोजतात.
मी विचारलं, शून्य म्हणजे कुठला समुद्र?
अष्टमीचा की अवसेचा?
ते हसले. सगळ्यांची सरासरी काढतात म्हणे,
तसा समुद्र कुठे नसतो.
त्या दिवसापासून मला सड्यावरचं एकेक घर
किंचित अधांतरी दिसू लागलं.

पाणी त्या रेघेवरून दिवसातून चारदा जातं.
थांबत नाही.
मी टक लावून बसायचो:
आत्ता. आत्ता.
गेलं.

खाडीच्या तोंडाशी एक खडप आहे.
आमच्या बाजूने ती म्हातारी,
वाकून मुळे वेचणारी.
पलीकडे यासीन सारंगाच्या अंगणातून
तोच बसलेला उंट, मान वर केलेला.
उधाणाच्या भरतीत दोन्हीकडून नुसतं पाणी.
तातू कुबल आणि यासीन त्या खडपावरून जन्मभर भांडले.
तातू म्हणायचा, "आसा."
यासीन म्हणायचा, "हाय."
नुसत्या असण्यालासुद्धा
आमच्या खाडीत एक शब्द पुरत नाही.

शाळेचे गुरुजी चहा फुंकत म्हणायचे,
ज्याचं त्याचं खरं.
मलाही ते पटायचं,
तातूच्या दिगूची होडी फुटेपर्यंत.

कोजागिरी होती. चांदणं पिठासारखं.
होडी नऊच्या सुमारास लागली.
तातू म्हणाला, म्हातारी पाण्याखाली होती,
पोराला दिसणार कशी?
यासीन म्हणाला, उंटाची मान दिसत होती,
मी नमाज पढून ओट्यावर बसलो होतो.
दोघेही रडत होते.
दोघांनीही शपथ घेतली, आपापल्या देवाची.

मग साहेबांनी माझी वही मागवली.
रात्री नऊ: एक मीटर नव्वद.
पावणेदोनला खडप झाकतं.
मिटलं.
दिगूच्या बायकोला पैसे मिळाले,
त्या पैशांवर धाकटी शिकली, नर्स झाली.
यासीन त्यानंतर धक्क्यावर आला नाही.

तो आकडा मी घरी बसून लिहिला होता.
दूध आटत होतं, माणसं आली होती,
अंगात थोडी कणकण होती,
किंवा नव्हती, आता नक्की सांगता येत नाही.
आदल्या दिवसाचा आकडा पाहून, बोटं मोजून,
अंदाजाने.
जागायच्या रात्री मीच तेवढा
जागेवर नव्हतो.

सरासरीत तोही आकडा गेलाच असणार.
म्हणजे डोंगरांच्या उंचीत कुठेतरी
केसाच्या हजाराव्या भागाएवढं
माझं ते आटवलेलं दूध आहे.

गुरुजी, नावं ज्याची त्याची, मान्य.
म्हातारी घ्या, उंट घ्या.
पण त्या रात्री नऊ वाजता
पाणी काठीवर कुठेतरी टेकलं होतं.
दोन ठिकाणी नाही. एकाच.
तातूला हवं तिथे नाही, यासीनला दिसलं म्हणूनही नाही.
ते कुणी वाचलं नाही,
म्हणून नव्हतं असं होत नाही.
दिगूला तेवढं ते कळलं.
त्याला विचारायची सोय नाही.

आता तिथे यंत्र बसवलंय.
काठी काढली, खांबाला भोकं राहिली आहेत.
वह्या रत्नागिरीला गेल्या की रद्दीत, कोण जाणे.
ती एक वही हाताला लागली
तर त्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, लिहीन:
पाणी होतं.
मी नव्हतो.